न समजलेल्या चेहऱ्याचा फोटो

संख्याशास्त्रात मी पाच वेळा नापास झालो आणि विद्यापीठाने मला नोकरी दिली. ई-लर्निंग कक्षाला कॅमेरा सांभाळणारा माणूस हवा होता. पदवी नसलेला, तरी रोज आवारात दिसणारा, असा मी एकटाच होतो.

कक्ष म्हणजे ग्रंथालयामागची खोली. पूर्वी तिथे फाटकी पुस्तकं शिवायचे. भिंतींना काळं कापड लावलं होतं, पण खळीचा वास गेला नव्हता. कक्षाच्या मॅडमचा नियम सरळ होता: यापुढे निम्मे तास वर्गात, निम्मे व्हिडिओवर. प्रत्येक विषयाचे पंधरा व्हिडिओ, तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. ज्यांचे होणार नाहीत त्यांच्या विषयाला बाहेरचा तयार कोर्स आणायचा, आणि त्या प्राध्यापकांनी परीक्षा विभागात जाऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे.

संख्याशास्त्राच्या सरांनी एकतीस वर्षं खडूशिवाय काही हातात धरलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले आणि गप्प झाले. अकरा मिनिटं. मीही गप्प होतो. मला वाटलं, प्रस्तावना असेल.

"भोपळ्या," शेवटी सर म्हणाले. हे माझं वर्गातलं नाव, गुणांवरून पडलेलं. "या काचेला समजतंय की नाही, हे कसं ओळखायचं?"

"तिला समजायची गरज नाही सर. ती नुसतं घेत जाते."

"तसले विद्यार्थी मी खूप पाहिलेत. त्यांच्याकडे बघून शब्द फुटत नाही." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "तू तिथे बस. कॅमेऱ्याला चिकटून. आणि नेहमीसारखा चेहरा कर."

मग मला गुपित कळलं. मी तिसऱ्या बाकावर बसायचो, आणि सर वर्गाला नाही, मला शिकवायचे. काही समजलं नाही की माझं तोंड आपोआप उघडतं. ते उघडलं की सर पुन्हा सांगायचे, मिटलं की पुढे सरकायचे.

"तुझं तोंड मिटेपर्यंत बाकीच्यांना केव्हाच समजलेलं असायचं," सर म्हणाले. "असं माप पुन्हा मिळालं नाही."

"मग पेपरात मला काही यायचं का नाही?"

"घरी पोचेपर्यंत ते पुन्हा उघडायचं."

पाच वर्षांत माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

आठ व्हिडिओ झकास झाले. नववा नाण्याचा होता. नाणं पाचदा उडवलं, पाचही वेळा छापा पडला, तर सहाव्यांदा काटा पडण्याची शक्यता किती?

"भरपूर," मी म्हणालो.

"निम्मी."

"सर, पाच वेळा छापा पडल्यावर नाण्याला काही लाज?"

"अरे, नाण्याला आठवणच नसते. लाज कशाची वाटणार?"

एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌कन बसलं. मागचे आठही तास एका झटक्यात समजले. तोंड मिटलं, ते उघडेचना.

दहाव्या व्हिडिओत सरांनी माझ्याकडे पाहिलं, "हे उघडच आहे," म्हणाले आणि पुढे गेले. पुन्हा पाहिलं, पुन्हा पुढे गेले. पाऊण तासाचा तास साडेतीन मिनिटांत संपला.

मॅडमनी तो पाहिला. "यात 'उघडच आहे' एकोणीस वेळा आहे," त्या म्हणाल्या. "सात दिवस उरलेत सर."

बाहेर पडताना सरांनी मला विचारलं, "गठ्ठे बांधायची सुतळी तेच देतात, की आपली न्यायची?"

घरी आई उशांना अभ्रे घालत होती.

"आई, घात झाला. मला संख्याशास्त्र समजलं."

"मी म्हणतच होते. पाचदा नापास झालास म्हणजे सहाव्यांदा पास होणारच."

"तसं नसतं गं. नाण्याला आठवण—"

"तू नाणं आहेस का?"

यावर सरांनी काही शिकवलं नव्हतं.

ताईने तोडगा म्हणून माझ्या जागी बसायला भावोजींना पाठवलं. भावोजी चष्म्याच्या दुकानात असतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांना "शोभतोय तुम्हाला" म्हणतात. खुर्चीत बसल्या क्षणापासून ते मान डोलवायला लागले. सर सुसाट सुटले.

"काय समजलं?" सरांनी मध्येच थांबून विचारलं.

"काहीच नाही. पण छान सांगता तुम्ही."

"यांना घरी सोडून ये," सर मला म्हणाले.

मग मला सुचलं. दुसऱ्या व्हिडिओच्या वेळचा माझा एक फोटो मॅडमच्या मोबाइलमध्ये होता, कक्षाच्या अहवालासाठी काढलेला. तोंड उघडं, भुवया वर. मी तो मोठा छापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खुर्चीवर ठेवला. सर खुलले, सांगू लागले. पण फोटोला काही समजेना. सरांनी उदाहरण बदललं, फळा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एकाच मुद्द्यावर तीन तास दहा मिनिटं झाली, तेव्हा मी वीज बंद केली.

"फारच ठोंब्या आहे," घाम पुसत सर म्हणाले. "तू बरा होतास."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा फोटो आणला. तोंड मिटलेला. पहिला खुर्चीवर ठेवायचा, सर समजावत जाणार, आणि जुन्या मला आता समजलं असतं असं वाटलं की मी दुसरा ठेवायचा. चार दिवसांत दहा ते चौदा असे पाचही व्हिडिओ झाले.

तीस तारखेला साडेतीन वाजता पंधराव्याला सुरुवात झाली. एका खोलीत तेवीस माणसं असली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. सर समजावत होते, घड्याळ पळत होतं. चार वीसला मी दुसरा फोटो ठेवला.

सर पुढे गेले नाहीत. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला समजलं. तुला नाही."

"सर, वेळ—"

"तोंड बघ तुझं."

मी हात लावून पाहिलं. उघडं होतं. वर्षात दिवस तीनशे पासष्ट आणि माणसं फक्त तेवीस. कसं शक्य आहे?

सरांनी दोन्ही फोटो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले. मी खुर्चीत बसलो. इतके खूश ते महिन्याभरात दिसले नव्हते. "सगळं पुन्हा," ते म्हणाले, आणि घाई न करता फळा पुसला. दारात मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"माणसं मोजू नकोस," सर म्हणाले. "जोड्या मोज. पहिल्या माणसाच्या बावीस जोड्या. दुसऱ्याच्या आणखी एकवीस. तिसऱ्याच्या वीस. अशा किती होतात बघ."

मी बोटांवर मोजायला लागलो, बोटं संपली, सरांची घेतली. दोनशे त्रेपन्न जोड्या. चार त्रेपन्नला माझं तोंड मिटलं. चार अठ्ठावन्नला व्हिडिओ गेला. पंधराच्या पंधरा.

"पोचला," मी म्हणालो. "मॅडम, पोचला ना?"

मॅडम मोबाइलकडे बघत नव्हत्या. त्या फळ्याकडे बघत होत्या.

"पण तेवीसच?" त्या म्हणाल्या. त्यांचं तोंड उघडं होतं.

मी खुर्चीतून उठलो. सरांनी खडू उचलला.

"बसा मॅडम," ते म्हणाले.