उंबरवेढ्याच्या उतारावरची नाव

मी उंबरवेढ्याची नाव बोलतेय. अंग लोखंडी पत्र्याचं, बुडाला डांबर. आवाज जरा खरखरीत आहे, त्याला इलाज नाही.

माझा पत्रा खडकीच्या भंगारातला. गावचे नावाडी नागोराव तारू यांनी तो आणला आणि बाभळीखाली वेल्डर बसवून मला घडवलं. रंग हिरवा दिला, कारण वेल्डरकडे तोच उरला होता.

पुणं मागे पडलं की मुळा-मुठा आमच्यापाशी रुंद होते. गाव अल्याड, रेल्वे स्टेशन पल्याड. दोन्ही काठांना तारेचा दोर ताणलेला. माझ्या कडेचा आकडा त्यात अडकवायचा आणि हातांनी दोर ओढत पलीकडे जायचं. दुधाच्या किटल्या, सायकली, पुण्याला कामाला जाणारी माणसं, सगळी सात-बावन्नची शटल गाठायला माझ्यात बसायची. गाडी चुकली की माणसं नदीवर चिडतात, मिळाली की कौतुक स्वतःच्या घड्याळाचं करतात. मी सगळं ऐकून घ्यायचे.

नागोराव गेले त्याच वर्षी पूल झाला. मला काठावर पालथी घातली. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. गावही बदललं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती उठल्या. सकाळी सगळं गाव पुण्याला जातं, अंधार पडता पडता परततं. दिवसभर इथे कुकरच्या शिट्ट्या आणि कुत्री, एवढंच. एकदा नव्या सोसायटीची मंडळी मला गुलाबी रंगवून माझ्यात फुलझाडं लावायला आली होती. नागोरावांच्या मथुराबाईंनी त्यांना काठी दाखवली.

मथुराबाईंची सून दीपमाला. बीडकडची, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. पोहणं सोडाच, पुलावरूनही ती कठडा टाळून मधोमध चालायची. शनिवार पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात ती काचा कापते. बारीक काम, केसभर चुकलं की काच वाया. नवरा संपत गावाच्या बाजूलाच कंपनीत जातो, त्याला नदी आड येत नाही.

गेल्या माघात पुलाचा खांब खचला. रातोरात पत्रे ठोकून पूल बंद केला. रस्त्याने जायचं तर वीस किलोमीटरचा वळसा, आणि बस येईल तेव्हा खरी. बारा दिवस दीपमाला उशिरा पोचली. तेराव्या दिवशी मालक म्हणाले, "बाई, पूल खचला हे कारण एकदाच चालतं. एक तारखेपासून मशीनवर दुसरं कोणी बसेल. तुम्ही सावकाश या, गिऱ्हाइकांना पाणी द्या."

घरी संपत म्हणाला, "सोडून दे की नोकरी. पूल झाला की बघू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती सरळ माझ्यापाशी आली, कोंबड्या हुसकल्या आणि सासूला हाक मारली. "आत्या, ही उलटी करायला हात लावा."

मथुराबाई म्हणाल्या, "तुला पाण्याचं भ्या हाय."

"आहे. म्हणूनच शिकवा."

"नागोराव तापानं पडलं की दोर मीच वढायची. कुणी इचारलं न्हाई कधी," मथुराबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

मला तीन ठिकाणी ठिगळं लागली. दीपमालाने स्वतः खरवडून माझा गंज काढला. तिचे हात काचेवर चालतात तसे माझ्यावर चालले, घाई नाही की धसमुसळेपणा नाही. जुना दोर गंजला होता, तो गावातल्या पोरांनी बदलला. मी पुन्हा पाण्यात आले तेव्हा ती माझ्या मधोमध बसून डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. मथुराबाई ओरडल्या, "डोळं उघड! न्हवरी हायस का काय?"

पंधरा दिवसांत ती एकटी मला पलीकडे नेऊ लागली, वेळेवर पोचू लागली, आणि एक तारखेनंतरही मशीन तिच्याकडेच राहिलं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. शेजारच्या हेमाताई बसू लागल्या, मग रविराज नावाचा आयटीतला मुलगा, मग आणखी चौघं.

आणि मग जलपर्णी आली. दरवर्षी येते, शहराचं सगळं सांडपाणी खाऊन माजते. त्या सकाळी आम्ही नदीच्या मध्यावर असताना वरच्या अंगाने अंगणाएवढा हिरवा थर वाहत आला आणि माझ्या कुशीला भिडला. दोर ताणला, मी कलंडले, पाणी आत आलं. रविराज उभा राहिला.

"खाली बस!" दीपमाला ओरडली. असा आवाज तिच्याकडे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

ती दोर ओढत राहिली. मी हलेना. पाणी घोट्यापर्यंत चढलं. काठावरून मथुराबाई हात हलवत होत्या. "नदीशी भांडू नगं! आकडा सोड! तिच्यासंगं जा!"

दोर सोडायचा म्हणजे हाताशी होता तो एकच आधार सोडायचा. मग तिने दोन्ही हातांनी आकडा उचलला आणि सोडला.

मी थराबरोबर वाहत निघाले. ती माझ्यातला लांब बांबू घेऊन उभी राहिली आणि तळ चाचपत मला तसूतसूने पल्याडच्या काठाकडे रेटत राहिली. वळणापाशी माझं नाक चिखलात रुतलं. सगळे उतरले. हेमाताई रडत होत्या. दीपमाला चिखलातच बसली.

सात-बावन्न गेली होती. पुढच्या गाडीने ती दुकानात पोचली. तिथे काय झालं हे तिनेच संध्याकाळी मला धुताना मथुराबाईंना सांगितलं. मालक म्हणाले, "आज काय, मगरी आल्या?"

"नाही. नदी आली होती. मशीन कुणाला देणार असाल तर आत्ताच सांगा. नाहीतर मला कामाला बसू द्या."

मालकांनी तिचे सोललेले तळवे पाहिले. "आधी हळद लावा. काचेवर रक्ताचे डाग पडतील," म्हणाले आणि मशीनवरचं कापड स्वतः काढलं.

चार दिवसांनी तहसीलमधून माणूस आला आणि मला बंद करून गेला. परवाना नाही, जॅकेटं नाहीत. त्याचं चुकलं नव्हतं. दीपमालाने रजा टाकून तीन हेलपाटे घातले आणि परवाना घेऊनच परतली. आठ माणसं, आठ जॅकेटं. आता रोज सकाळी वरच्या अंगाला बांबूचा अडसर टाकलेला असतो, आणि रविवारी अर्धं गाव कोयते घेऊन जलपर्णी काढायला उतरतं. संपतही उतरतो. आता कुणाला "सोडून दे" म्हणत नाही.

पुलाचं काम चालू आहे. होईल, व्हायलाच हवा. झाला की खुशाल पुलावरून जा, मला राग नाही. माझं मागणं एवढंच: नदीत टाकायला काही हातात घ्याल तेव्हा आठवा, ते आमच्यापाशी येतं. आणि ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला एकदा तरी दोर ओढू द्या.

काल तान्हं मूल घेऊन एक नवी सून काठावर आली. पाण्याकडे बघून दोन पावलं मागे सरकली. दीपमालाने हात पुढे केला आणि म्हणाली, "मीही भ्यायचे. अजूनही भिते. या, माझ्याशेजारी बसा."