डावीकडचं मीटर

त्या हिवाळ्यात इशबेल रँकिनबाईंच्या घरात दोनच गोष्टी गरम होत्या: चहा आणि त्यांच्या मुलाचं डोकं.

ग्रेगर दर रविवारी स्कॉटलंडमधल्याच पर्थहून ग्लासगोला यायचा, अंगातला कोट न काढता खुर्चीत बसायचा आणि विजेचं बिल हातात धरून आईची उलटतपासणी घ्यायचा.

"आई, अख्ख्या शाळेला पुरेल एवढी वीज तू एकटी जाळतेस. जाते कुठे ती?"

"मला काय विचारतोस? मी तर दोन स्वेटर चढवून बसलेय."

"म्हणजे हीटर लावतेस, मग खिडकी उघडतेस आणि विसरून जातेस. म्हणून तर घर असं गारठलेलं असतं!"

यावर काय बोलणार? घर उबदार असतं तर बाई उधळ्या ठरल्या असत्या. गार होतं म्हणून विसराळू ठरल्या. वकिली शिकलेल्या मुलापुढे आईने जिंकायची सोयच नव्हती.

आणि प्रकरण नुसत्या बिलावर थांबलं नव्हतं. ग्रेगरने पर्थमधल्या एका वृद्धाश्रमात आईसाठी खोली बघून ठेवली होती. खिडकीतून नदी दिसते म्हणे. महिनाअखेर होकार कळवायचा होता. इशबेलबाई लग्न होऊन याच दगडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर आल्या होत्या, आणि आता इथून उतरायचं ते आडवं होऊनच, असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. नदीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, पण ती बघायला त्यांना घर सोडायचं नव्हतं.

खरी भीती मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हल्ली दुकानाला निघाल्या की कोपऱ्यावरून परत यायच्या, शेगडी बंद आहे ना ते बघायला. शेगडी गारच असायची. पण आपण ती बंद केली कधी, हे काही आठवायचं नाही. एकदा त्या गार शेगडीवर हात ठेवून त्या लहान मुलीसारख्या रडल्या.

समोरच्या दारात मिस्टर लॉडर राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. भर जानेवारीत हे गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरायचे, आणि त्यांच्या खिडकीत ऑर्किडची फुलं डोलत असायची. तरी सगळ्या इमारतीत सर्वांत कमी बिल त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी नवी मीटरं बसली आणि त्यांच्या काटकसरीला जणू बहर आला. चर्चच्या हॉलमध्ये ते बचतीवर व्याख्यानं देऊ लागले. किटलीत कपभरच पाणी घ्यावं, दाराच्या फटीत जुने मोजे कोंबावेत, वगैरे. माणूस मनाने सरळ होता. स्वतःच्या प्रत्येक शब्दावर त्याचा विश्वास होता. तेच तर वाईट.

"सवयीचा प्रश्न आहे, इशबेलबाई," बाईंची जिना पुसायची पाळी आली की ते बादलीशेजारी उभे राहून सांगायचे. "एकदा अंगवळणी पडलं की थंडी वाजतच नाही."

"मिस्टर लॉडरांकडून शिक जरा," ग्रेगर म्हणायचा.

शेवटी बाईंनी वीज कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई-चौघड्यासारखं काहीतरी ऐकवल्यावर एक मुलगी फोनवर आली.

"आमच्या नोंदीप्रमाणे ते मीटर तुमचंच आहे, मॅडम."

"अगं बाई, पण घरात काही चालूच नसतं माझ्या!"

"मग सगळं बंद करून मीटर बघा की."

मुलीने ते बला टाळायला सांगितलं होतं, पण बाईंनी ते मनावर घेतलं. घरातलं मेन बटण पाडलं, टॉर्च घेतला आणि तळमजल्यावर, जिन्याखालच्या मीटरच्या कपाटाशी गेल्या. त्यांच्या घराच्या नावाचं मीटर मजेत चाललं होतं. आकडे भराभर वाढत होते. बाई त्या आकड्यांकडे बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. आपलं डोकं शाबूत आहे, ही बातमी त्यांना मीटरकडून कळत होती.

वर येऊन त्यांनी मेन चालू केलं आणि पुन्हा फोन लावला.

"नक्की माझंच मीटर आहे ना?"

"नक्की, मॅडम."

"मग त्याच्याखालचं बटणही माझंच?"

"अर्थातच!"

"ते मी केव्हाही बंद करू शकते?"

"तुमचं मीटर, तुमची मर्जी."

रविवारी ग्रेगर आला. बाईंनी घरातला रेडिओ मोठ्याने लावला, दार सताड उघडं ठेवलं आणि मुलाला म्हणाल्या, "चल खाली, एक गंमत दाखवते."

"आई, आपल्याला पर्थचं बोलायचंय."

"बोलू. आधी चल."

कपाटापाशी बाईंनी आपल्या नावाची चिठ्ठी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली आणि खालचं बटण फटकन पाडलं. वर रेडिओवरचा माणूस हवामानाबद्दल बोलतच राहिला. ग्रेगरच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात वरचं दुसरं दार धाडकन उघडलं आणि मिस्टर लॉडर ॲप्रन बांधलेले, अर्ध्या बाह्या, लालबुंद चेहरा, असे जिना उतरत आले.

"वीज गेली! ओव्हनमध्ये माझा केक आहे!"

"तुमची कशी जाईल?" इशबेलबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर माझी बंद केली."

लॉडरांनी मीटरवरची चिठ्ठी वाचली. मग शेजारचं, स्वतःच्या नावाचं मीटर बघितलं. ते एका रेडिओपुरतं सावकाश चाललं होतं.

"योगायोग असेल," ते पुटपुटले. "माझी बचत सवयीची आहे."

त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकावर आला. ग्रेगर आधी त्या थेंबाकडे आणि मग आईच्या दोन स्वेटरांकडे बघत राहिला.

चूक कशी झाली ते कंपनीचा माणूस आला तेव्हा कळलं. मीटरं यानेच बसवली होती. दक्षिणेकडचा, लंडनच्या बाजूचा पोरगा. फुटपाथवर उभा राहून त्याने कागदावरचा बाईंचा पत्ता वाचला, "दुसरा मजला, डावीकडे," आणि इमारतीकडे तोंड करून डावा हात लांब केला. तो हात सरळ मिस्टर लॉडरांच्या ऑर्किडकडे गेला.

"अरे बाळा," इशबेलबाई म्हणाल्या, "इथे डावं म्हणजे जिना चढून आल्यावरचं डावं. वर आलं की तोंड रस्त्याकडे होतं. रस्त्यात उभं राहून घरात कोण राहतं?"

"आमच्याकडे असंच मोजतात, मॅडम."

"असेल. पण राहतो आम्ही इकडे."

कंपनीने दिलगिरी कळवली आणि दोन वर्षांचा हिशेब उलटा फिरवला. पुढच्या आठवड्यात चर्चच्या हॉलवर व्याख्यान रद्द झाल्याची पाटी लागली. वक्त्यांना सर्दी झाली होती. कारण अगदी खरं होतं. लॉडरांनी सगळे हीटर बंद करून टाकले होते.

रविवारी ग्रेगर आला तेव्हा आईच्या घरातले सगळे हीटर चालू होते. त्याने कंपनीचं पत्र वाचलं. तुमचा खरा वापर इतका कमी आहे, की घरात कोणी राहतं का हे कृपया कळवावं, असं त्यात होतं.

"आई," तो आवाज मऊ करत म्हणाला, "एवढ्या थंडीत हीटर न लावता बसून राहणं, हेही काही ठीक लक्षण नाही बरं का. पर्थची खोली अजून..."

"मी जाळते असं तूच म्हणत होतास ना?"

"अगं, बिल बघून कुणालाही तसंच वाटलं असतं."

"कुणालाही वाटू दे," इशबेलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता आणि ते त्यांनी लपवलं नाही. "कंपनीला वाटलं, लॉडरांना वाटलं, मला काही नाही त्याचं. तू मुलगा आहेस माझा. मीटर चुकलं असेल का, हे एकदा तरी मनात आलं तुझ्या? आई चुकली, हे मात्र लगेच पटलं. आणि इतक्या खात्रीने सांगत होतास, की मलाही पटलं रे. अर्ध्या वाटेवरून परत येऊन शेगडी चाचपून बघायचे मी. माझ्याच घरात मला माझीच भीती वाटायला लागली होती."

घामाघूम होऊन ग्रेगर पत्राची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. शेवटी अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं, "मग पर्थच्या लोकांना काय कळवू?"

"कळव," बाई चहा ओतत म्हणाल्या, "आई यायचं विसरली."