गुहेतल्या बाईची भाषा

आता प्रबोधला खेळ म्हणजे काय ठाऊक? कॅरम, आणि फार तर रमी. पण त्याची लेक भार्गवी दर रविवारी दुपारी परदेशातल्या, चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये वेई लिंग आणि अनीश या वर्गातल्या दोघांना जमवून गोष्टीचा खेळ मांडायची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, अडलं की फासा टाकायचा. गोष्ट चालवायची भार्गवीने. आई, म्हणजे अनघा, गेल्यापासून पोरीच्या तोंडून घरात 'ओके बाबा'पलीकडे शब्द फुटत नव्हता, आणि या टेबलावर मात्र ती घडाघडा बोलायची. मग बाप काय करणार? मलाही घ्या म्हणून बसला.

त्याला हवं होतं ते एवढंच, की तिने आपल्याशी मराठीत बोलावं. आईशी बोलायची तसं, कुरकुरत, लाडात येत. बापाशी ती तशी कधी बोललीच नव्हती, आणि त्याला कारण खुद्द बाप. पोर बालवाडीत मागे पडेल या धास्तीने त्याने नियम घातला होता, घरात इंग्रजीच. अनघाने तो साफ धुडकावला. प्रबोधने इमानेइतबारे पाळला.

खेळात पात्राला कोणती भाषा बोलता येते, कोणती वाचता येते, हे आधीच ठरवायचं असतं, आणि जास्त भाषा हव्या तर थोडं बळ सोडावं लागतं. वेई लिंगने बळ सोडून एक लोप पावलेली भाषा घेतली. प्रबोध म्हणाला, भाषा काय चाटायच्यात? बाजारात चालते तेवढी पुरे, आणि वाचणं तर नकोच. त्याने आडदांड, निरक्षर पहिलवान घेतला. जित्याची खोड, दुसरं काय! भार्गवीने त्याला विचारलं होतं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की.

टेबलाचा नियम कडक होता. पात्राला जी भाषा येत नाही, ती खेळणाऱ्यालाही येत नाही. ज्याला येते त्याच्या हाती भार्गवी अर्थाची चिठ्ठी द्यायची. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

त्या रविवारी तिघांची पात्रं एका गुहेत शिरली. दाराशी एका बाईचं भूत बसलं होतं, संपून गेलेल्या लोकांतलं शेवटचं. भार्गवीने डोळे मिटले आणि त्या लोप पावलेल्या भाषेच्या जागी भूत मराठीत बोललं, "दमलात ना रे? आधी हातपाय धुवा. दोन घास खा, मग बघू काय ते."

प्रबोधने ओळखलं. शब्द अनघाचे, हेलसुद्धा अनघाचा. वेई लिंगने चिठ्ठी वाचली आणि ती भुताला इंग्रजीत उत्तर देऊ लागली. तिला कळलं होतं, प्रबोधला नाही, असं ठरलेलं होतं.

"दमलो गं," प्रबोध म्हणाला. "फार दमलोय."

भार्गवीने डोळे उघडले. "बाबा, यू डोन्ट नो धिस लँग्वेज."

"खेळ राहू दे, भार्गवी. घरात बोल ना माझ्याशी असं. एकदा तरी."

परक्या पोरांसमोर असं मागताना त्याला लाजही वाटली नाही. भार्गवीला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती हळू आवाजात, इंग्रजीतच सांगू लागली. आई गेल्यावर तिने खूपदा प्रयत्न केला होता. त्याच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण त्याचा चेहरा दिसला की तोंडात इंग्रजीच येतं, मराठी येतच नाही. नको असतं असं नाही, बाबा, येतच नाही.

मग भार्गवीने विचारलं, खेळायचं का पुढे? प्रबोधने होकारार्थी मान हलवली. उठून गेला असता तर एवढं मराठीही कानावर पडलं नसतं. भार्गवी पुन्हा अनघाच्या आवाजात वेई लिंगला भात वाढू लागली, आणि तो समोर काही न कळल्यासारखं तोंड करून बसला.