वगळलेली ओळ

"परदेशी सरकार म्हणजे, स्वल्पविराम, ज्याच्याशी हाँगकाँगचा करार झाला आहे असे सरकार, पूर्णविराम," यूक-लिनने मोठ्याने वाचलं.

"लिनताई, ओळ खाल्लीत," समोर मूळ प्रत धरून बसलेला सिउ म्हणाला. "'चीनचा इतर कोणताही भाग वगळून' हे कुठे गेलं?"

"नजर घसरली असेल."

"भलतीच घसरली! एका दमात तैवानातले सगळे पळपुटे पोलीस जमादार बेड्या घालून घरी आणलेत की!"

सिउ आपल्याच विनोदावर खो खो हसला. लिनही हसली आणि बोटाने ती ओळ शोधू लागली.

जुलैत इंग्रज हाँगकाँग चीनच्या हवाली करून जाणार होते. फरार आरोपींना परत आणायचे लंडनचे कायदेही त्यांच्यामागून जाणार, म्हणून इथलाच नवा कायदा घाईघाईने तयार होत होता. त्याचा चिनी मसुदा छापण्याआधी वाचून ताडून पाहायचं काम या दोघांकडे होतं.

लिनचा नवरा फाइ असाच एक जमादार. लाच खाऊन गबर झाला आणि चौकशी लागताच तैवानात, तैपेईला पसार झाला. तिथे त्याने दुसरा संसार थाटला, त्यामुळे लिनला तिकडे जायलाही तोंड उरलं नाही. कचेरीत ती सांगायची, नवरा बोटीवर असतो. अशा फरारांच्या बाकीच्या बायका नवरा सापडू नये म्हणून देवळात उदबत्त्या लावत. ही बाई तो सापडावा म्हणून लावायची. इंग्रजांच्या कायद्याने तो कधी आला नाही. नव्या कायद्याने येईल, अशी वेडी आशा तिने मसुदा हातात येईपर्यंत जपली होती. पण कायद्याच्या लेखी तैवान चीनचाच भाग, म्हणून त्या एका ओळीने तो वगळला जात होता.

"पुन्हा घ्या, ताई," सिउ म्हणाला.

तिने घेतलं. या वेळी एकही अक्षर सुटलं नाही.

कायदा मंजूर झाला त्या रविवारी फाइचा फोन आला. एरवी तो फक्त नववर्षाला फोन करायचा.

"पेपरात बघितलंस? आपल्याला त्या कायद्याची झळ नाही म्हणतात!"

"आपल्याला?"

"म्हणजे मला गं. खरंच आहे ना? तू कायद्याच्या कचेरीतच असतेस, तुला ठाऊक असेल."

"खरं आहे. पण पकडलं असतं तर काय बिघडलं असतं? इथल्या स्टॅनलीच्या तुरुंगात भेटायला सोडतात. बस थेट जाते."

"वेडी आहेस का?" तो मोठ्याने हसला. त्याच्यामागे कोणीतरी बाई त्याला जेवायला हाक मारत होती. "चल, ठेवतो. सुटलो एकदाचा! वाचलो ना गं मी?"

"हो," लिन म्हणाली. "मीच वाचलं."

त्याला ते ऐकू गेलं नाही. त्याने फोन ठेवून दिला होता.