कलाबाईचा गोफ

मित्रांनो, मी सोनाराची मूस. भाजलेल्या मातीची, ओंजळीत मावेल एवढी वाटी. सौंसरच्या बाजारात रामाजी सोनाराच्या भट्टीत मी उमेदीचे दिवस काढले. आता तडा गेला म्हणून कोपऱ्यात पडून आहे.

लोणी वितळतं, साखर विरघळते. सोनं मात्र आटवतात. तुमच्या घरी हा शब्द दुधासाठी असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ, दागिना मोडून त्याचा रस करणे. दूध आटवलं की कमी होतं, सोनं होत नाही, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही.

दागिन्याच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं ‘आटव’ म्हटल्याशिवाय रामाजी भट्टी फुंकत नसे. या नियमाचं बाजारात केवढं कौतुक! मलाही तोरा होता.

मागच्या उन्हाळ्यात कलाबाई आली, सोबत वीरेंद्र आणि राजू, तिचे दोन मुलगे. संत्र्याची बाग वाटून झाली होती, गळ्यातला गोफ उरला होता. तो तिला तिच्या आईनं दिलेला. तिला तो मुलीला, सुचिताला द्यायचा होता. मुलांना अर्धा अर्धा हवा होता.

“आटव म्हण ना माय,” वीरेंद्र म्हणाला. “उशीर होऊन राहिला.”

“सुचिताले काय सांगू मी?”

“सोनं तं सोनंच राहते,” राजू म्हणाला. “कुठं जाऊन राहिलं थे?”

रामाजी चिमटा धरून थांबला. ‘राहू दे बाई’ एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. नियमात ते नव्हतं ना!

शेवटी कलाबाई म्हणाली, “आटव.”

गोफाचा पीळ माझ्या पोटात सुटला. दोन सारखे तुकडे झाले. मुलं मोटारसायकलवरून गेली, आई बसस्टँडकडे चालत.

आठवड्यानं ती एकटी आली.

“रामाजी, मुशीत कणभर तं राहिलं असन? सुचिताच्या पोतीत ओवीन म्हणलं.”

“काही राहत नाही बाई,” रामाजी म्हणाला.

ती पदर सावरत पायऱ्या उतरली.

राहतं, मित्रांनो. माझ्या तड्यात तिच्या गोफाचा कण अजून आहे. रामाजीला ते चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तो कण काढून घ्यायला उद्या तो मला खलबत्त्यात कुटणार आहे. मला कुटल्याचं दुःख करू नका. फक्त घरात कुणी आईला ‘आटव म्हण’ म्हणत असेल, तर तिच्या गळ्याकडे एकदा बघा आणि तुम्ही तरी ‘नको’ म्हणा.