मुकादम ताटल्या बघायचा

जेवताना बोलायचं नाही, हा आमच्या तळावरचा पहिला नियम. ओरेगनच्या डोंगरांत लाकूडतोडीच्या बहुतेक तळांवर तो असायचा. साठ-सत्तर माणसं बाकांवर खांद्याला खांदा लावून बसत आणि काट्या-चमच्यांखेरीज काही वाजत नसे. "बटाटे सरकव" एवढंच बोलायची मुभा. आता नातवाकडे जेवायला बसले की टीव्ही, फोन, गप्पा सगळं एकदम चालतं, आणि मला ती शांतता आठवते. ताज्या पावाचा वास आठवतो, खिडकीत निवत ठेवलेल्या ॲपल पाय आठवतात. तसं जेवण मी पुढे कुठे जेवले नाही.

मी सतरा वर्षांची होते. हुल्डा मुख्य स्वैपाकीण, मी तिच्या हाताखाली वाढायला. माझे वडील वाइनो त्याच तळावर झाडं पाडायचे. आम्ही फिनिश, म्हणून मी त्यांना इसा म्हणायची, म्हणजे बाबा. दोन माणसांच्या लांब करवतीचं एक टोक वीस वर्षं त्यांच्या हातात होतं. तळावर करवतीवाल्याचा मान वेगळा. फांद्या छाटणारे, साखळ्या ओढणारे त्याला वाट द्यायचे. आई गेल्यावर इसांकडे तेवढंच उरलं होतं, ती करवत आणि तो मान.

मुकादम होता कॉब. जेवणं संपत आली की तो हात पाठीमागे बांधून बाकांमागून फिरायचा आणि ताटल्या बघायचा. "इंजिनात कोळसा किती जातो ते बघावं. ते किती ओढतं ते आपोआप कळतं," असं म्हणायचा. चाटूनपुसून खाणारा माणूस कामाचा, टाकणारा कामचोर. माणसं हसायची नाहीत, कारण सगळ्यांनाच ते पटलेलं होतं. हुल्डालाही.

त्या उन्हाळ्यात इसांचा जुना जोडीदार तळ सोडून गेला आणि डेल्मर नावाचा तिशीतला गडी आला. दुपारच्या उन्हात वणवा पेटायची भीती, म्हणून काम पहाटे अंधारातच सुरू व्हायचं आणि भर दुपारी संपायचं. दुपारी इसा जेवायला येत तेव्हा सदऱ्यावर घामाचं मीठ फुटलेलं असे, चेहरा राखेसारखा. पाणी पीत राहत. मांसाचा तुकडा तोंडात घोळवत, पण घशाखाली उतरत नसे. भूक लागायची ती पहाटे, आणि तेव्हा निघायची घाई. शेजारी डेल्मर तीन-तीनदा वाढून घ्यायचा. बाहेर हात धुताना सगळ्यांदेखत म्हणायचा, "म्हातारबा, तुमच्या वाटचं मांस मलाच द्या की! नाहीतरी डुकरांच्या बादलीत जातंय."

एकदा चहाची किटली घेऊन मी वर उतारावर गेले आणि उभी राहून बघितलं. करवतीवरच मी लहानाची मोठी झाले होते, मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. आपली पाळी आली की डेल्मर ओढायचा, तेही हलकंच. इसांची पाळी आली की मूठ सैल सोडायच्या ऐवजी तिच्यावर रेलायचा. इसा झाडही कापत होते आणि त्यालाही ओढत होते.

त्या संध्याकाळी आमच्या खोपीत म्हटलं, "इसा, तो लोंबकळतोय तुमच्यावर. कॉबला सांगा."

"जोडीदाराची चहाडी करू?"

"तो कसला जोडीदार!"

"आइली, मी आज चहाडी केली तर उद्या दुसऱ्या टोकाला कोण उभं राहील? विषय संपला."

पुढच्याच आठवड्यात कॉब त्यांच्या मागे थांबला. ताटलीत बटाटे तसेच होते.

"वाइनो, तू काम करतोस की सावलीत बसतोस? डेल्मरची ताटली बघ आणि तुझी बघ."

माझ्या हातात रश्शाचं भांडं होतं. मी ते टेबलावर आपटलं.

"डेल्मरला भूक लागणारच! तो करवतीवर नुसता लोंबकळतो, ओढतात माझे वडील. इतकं ओढल्यावर अन्न गिळून तर दाखवा तुम्ही!"

सगळे काटे थांबले. हुल्डा दारातून ओरडली, "माझ्या टेबलावर? आइली, आत हो!"

कॉबने इसांकडे बघितलं. "खरं बोलते का ही?"

इसा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोर आहे. तिला करवतीतलं काय कळतं?"

मग त्यांनी ताटली पुढे ओढली आणि खायला लागले. बटाटे, मांस, शेंगदाण्याएवढाही घास न टाकता. वर ॲपल पायही मागून घेतली. अख्खं जेवणघर बघत होतं. संपवून उठले, ताठ चालत बाहेर गेले आणि लाकडांच्या ढिगाआड सगळं ओकले. त्यांच्या पाठोपाठ कॉब बाहेर आलाच होता.

"तू आजारी आहेस," तो म्हणाला. "उद्यापासून भांडी घास."

इसा माझ्या शेजारी मोरीवर उभे राहिले. चार-पाच दिवस गेले, अंगातला शीण उतरला, आणि त्यांना भूक लागली. कडाडून लागली. सकाळी पॅनकेकची चळत, दुपारी दोनदा मांस, मधेच पाव. त्यांनाच लाज वाटायची, पण हात थांबत नव्हता. भिंतीकडे तोंड करून खायचे.

कॉबने बघितलं. दारात उभा राहून माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा! बशा विसळून एवढी भूक? करवतीवर असताना कुठे ठेवली होतीस?"

त्या मुक्या जेवणघरात खो खो हसणं उठलं. हुल्डाने त्या वेळी कुणालाही गप्प केलं नाही.

डेल्मरला नवा जोडीदार मिळाला, स्वेरे नावाचा नॉर्वेजियन, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. पहिल्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला. आठवड्याभरात त्याची ताटली अर्धी भरलेली परत आली. इसांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा तसाच होता.

"इसा, आता तरी सांगा," मी म्हटलं. "त्या स्वेरेचंही तेच होणार."

कॉब येत नाही ना, म्हणून त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग तुकडा बोटांनी उचलून तोंडात घातला, चावून गिळला आणि ताटली पाण्यात बुडवली.