खारबावला नेलेलं निशाण

नवशा काविळीनं गेला तेव्हा सुमतीला रडायलाही सवड मिळाली नाही. तो विद्यार्थी संघाच्या भिवंडी शाखेचा चिटणीस, ती सहचिटणीस. पुढचं सगळं तिच्याच अंगावर पडलं.

जागतिक समाजवादी विद्यार्थी संघ हे नाव मोठं, पण भिवंडीतली खोली लूमच्या कारखान्यावर होती. खाली माग खडखडत असत आणि वर ठराव ओरडून मांडावे लागत. दूरदेशीच्या तुरुंगांतल्या विद्यार्थ्यांसाठी तिथं कितीतरी मोर्चे ठरले. नवशानं एक इथल्या पोरांसाठी काढला. रात्रपाळी करून कॉलेजात येणाऱ्यांना पहिल्या तासाच्या हजेरीत सूट मिळाली, ती त्याच्यामुळे.

संघात एक रीत होती. सभासद होताना सगळ्यांसमोर सांगायचं, की माझ्यामागे भटजी नको, पिंड नको. अंगावर संघाचं लाल निशाण घाला आणि न्या. नवशानंही सांगितलं होतं, हसत. "आमच्या खाडीवरच्या कावल्यांना मासली भरपूर हाय. माज्या भाताला कोन इचारतंय?"

आता १९९१ सरत आलं होतं. युरोपातल्या मुख्य कचेरीला टाळं लागलं होतं, पत्रांना उत्तरं येत नव्हती आणि शाखेतली मुलं एकेक करून बँकेच्या परीक्षांच्या मागे लागली होती.

शेवटच्या दुपारी इस्पितळात, नवशाची आई सीताबाई औषधं आणायला गेली, तेव्हा त्यानं सुमतीला जवळ बोलावलं. "आयला तिच्या मनासारखं करू दे," तो म्हणाला. "तिला दुसरं कोन न्हाय. पन निशान बी घाला." ऐकायला ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी खारबावला, नवशाच्या घरच्या अंगणात, जिल्हा चिटणीस अवधूत चार मुलांना घेऊन आला. वकिली शिकणारा, भिवंडीतल्या शिक्षकाचा मुलगा. घडी केलेलं निशाण त्याच्या काखेत होतं. सीताबाई तांब्यात तुळशीचं पान टाकून मुलाच्या उशाशी बसली होती.

"काकू, नवशानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता," अवधूत म्हणाला.

"दिला आसल. पोरं काय बी शब्द देतात. मला त्याच्या तोंडात पानी घालू दे."

तेव्हा सुमतीनं इस्पितळातलं बोलणं सांगितलं. अवधूतनं तिला बाजूला घेतलं.

"दया आली म्हणून मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालशील?"

"तो बोलला, अवधूत."

"साक्षीला कोण?"

"कोणी नाही."

"सगळे पाठ फिरवतायत, सुमती. नवशा तरी शेवटपर्यंत आपला राहिला, एवढं म्हणू दे की मला." त्याचा आवाज चिरकला. मग तो सावरला. "पाणी, पिंड करायचं तर करा. निशाण मिळणार नाही. दोन्ही एकदम नाही."

सगळे सुमतीकडे बघत होते. तिनं सीताबाईच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

"पाणी घाला, मावशी."

अवधूत वळला आणि निशाणासकट स्टेशनच्या वाटेला लागला. मुलं त्याच्यामागून गेली. एकजण नवशाच्या पायाशी क्षणभर घुटमळला, मग तोही गेला.

सीताबाईनं मुलाचे ओठ ओले केले, पदरानं टिपले आणि मान वर केली. "त्याचं लाल निशान कुठं हाय गं? पार विलायतेचं हाय म्हनून सांगायचा. घाला की."

सुमतीनं स्टेशनच्या वाटेकडे पाहिलं.

"माज्या पान्यानं बाटलं काय ते?" सीताबाईनं विचारलं.

सुमतीनं नकारार्थी मान हलवली. ते खोटं होतं.

गावात बायका मसणात जात नाहीत, पण तिला कोणी अडवलं नाही. नवशाचा चुलता काळूराम पेटती चूड घेऊन चितेकडे निघाला, तेव्हा तिनं त्याला थांबायला सांगितलं. संघात निरोप असा देत: एकानं मूठ उगारून गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी "लाल सलाम" म्हणायचं.

तिनं मूठ उगारली. "कॉम्रेड नवशा."

भजनवाल्यांनी टाळ थांबवले. माणसं अदबीनं उभी राहिली. काय म्हणायचं ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमती वाट बघत राहिली.

काळूरामच्या हातातली चूड तडतडत होती.

"झालं काय, बाय?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

तो खाली वाकला.